मिडी कीबोर्ड आपोआप सिग्नल पाठवतोय, तातडीने मदत हवी आहे

रात्रपाळी:
हात न लावता कीबोर्ड कॉम्प्युटरला काहीतरी पाठवत राहतो. स्ट्रिंग्जचे (व्हायोलिनसारखे) आवाज मध्येच थरथरतात, रेकॉर्ड केलं की ट्रॅकमध्ये ठिपक्यांची रांग उमटते. काही दिवशी तर पट्टी सोडली तरी स्वर वाजतच राहतो. केबल बदलली, सॉफ्टवेअर परत टाकलं, काही फरक नाही. मंडळाच्या आरत्यांचे ट्रॅक शनिवारी द्यायचेत. लवकर सांगा.

सोल्डरगन:
यूएसबी की पाच पिनांची केबल? विंडोज की मॅक? काहीच लिहिलं नाहीत.

परळचा पेटीवाला:
अर्थिंग बघा. जुन्या चाळींत ते धड नसतं. माझ्याकडे लॅपटॉपचा चार्जर काढला की सगळं गप्प.

सोल्डरगन:
पेटीवाले, तुमच्याकडे गप्प होते ती स्पीकरची घरघर. मिडीतून आवाज जातच नाही, कोणती पट्टी किंवा चाक हललं त्याचे आकडे जातात. पाच पिनांच्या जोडणीत तर १९८३ पासून ऑप्टोआयसोलेटर आहे, म्हणजे सिग्नल प्रकाशातून जातो आणि दोन्हीकडची वीज वेगळी राहते.

परळचा पेटीवाला:
आणि यूएसबीत?

सोल्डरगन:
यूएसबीत नसतो, मान्य. पण तिथे वीज बिघडली तर कीबोर्ड गायब होऊन परत दिसतो. ठिपक्यांची रांग येत नाही.

खाडीकाठ:
रात्रपाळी, अंदाज बांधण्यापेक्षा काय येतंय ते बघा. येणारे आकडे दाखवणारे प्रोग्रॅम आहेत: विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. हात लांब ठेवा आणि आकडे इथे लिहा. कंट्रोल १ म्हणजे मॉड्युलेशनचं (स्वर थरथरवणारं) चाक, ६४ म्हणजे सस्टेन (स्वर लांबवणारं) पेडल. पिच बेंड (स्वर वर-खाली सरकवणारं चाक) असेल तर ८१९२ या मधल्या आकड्याच्या आसपास हलेल. ताल जुळवणारं क्लॉक किंवा 'जोडलेला आहे' एवढंच सांगणारं अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग दिसलं तर घाबरू नका, तो दोष नव्हे.

रात्रपाळी:
विंडोज, यूएसबी. कंट्रोल १ थांबतच नाही: ०, १, ०, २, १, ०. आणि आज ६४ उलटा आहे, पेडल दाबलं की ०, सोडलं की १२७.

सोल्डरगन:
पेडल आहे हे आत्ता सांगताय?

रात्रपाळी:
ते कायम लावलेलंच असतं, म्हणून लिहिलं नाही.

खाडीकाठ:
मग दोष दोन आहेत. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघतात आणि तीच 'सोडलेली' धरतात. त्या वेळी पाय पेडलवर असला की पुढे सगळं उलटं. पेडल आधी जोडा, पाय बाजूला, मग केबल लावा.
चाकाखाली पोटेन्शिओमीटर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा भाग, असतो. त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि पावसाळी दमट हवा बसली की आकडा एका जागी राहत नाही. चाक पूर्ण वर-खाली तीसेक वेळा फिरवा. नाही भागलं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मिळेल. केबल काढून, तळ उघडून, अगदी थोडा मारा आणि वाळू द्या. बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रे वापरू नका, मी एक चाक तसंच घालवलंय. शनिवारपर्यंत वेळ नसेल तर सॉफ्टवेअरच्या इनपुट फिल्टरमध्ये कंट्रोल १ बंद ठेवा.

परळचा पेटीवाला:
दमट हवेचं खरं आहे. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, सुरांच्या पितळी जिभल्या काळवंडतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवत जा.

रात्रपाळी:
पेडलचा प्रश्न सुटला! खोली अरुंद, त्यामुळे खुर्चीत बसलो की पाय पेडलवरच यायचा आणि मग मी केबल खोचायचो. चाक फिरवून ० आणि १ एवढंच उरलंय, तूर्त फिल्टर लावलाय. क्लीनर आणतो. पण आधीचे चार ट्रॅक खराब आहेत, परत वाजवावे लागतील का?

खाडीकाठ:
नाही. ट्रॅकमध्ये कंट्रोल १ ची लेन (तिच्या ठिपक्यांची ओळ) उघडा, सगळे ठिपके निवडून पुसा, स्वरांना धक्का लागत नाही. फक्त सुरुवातीला एक ० ठेवा, नाहीतर सिंथमध्ये (आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) शेवटचा आकडा अडकून राहतो. ६४ च्या लेनमध्ये मात्र उलटे आकडे तुम्हालाच सुलटे करावे लागतील.