एस्टॅब्लिशमेंटची दुरुस्ती आली, आधी काय करायचं?

पारोळेकर: राम राम मंडळी. लष्करी युनिटच्या क्वार्टरमास्टरच्या (सामान-साठा बघणाऱ्याच्या) ऑफिसात नवीन आहे. एस्टॅब्लिशमेंटचं, म्हणजे युनिटला मंजूर माणसं-सामानाच्या तक्त्याचं, दुरुस्तीपत्र आलंय: एक गाडी वाढली, जुने वायरलेस सेट गेले, नवे मंजूर झाले. लेजरमध्ये आजच नवा आकडा चढवायचा का? आणि ड्रायव्हर कोणी मागायचा?

भुसावळ जंक्शन: घाई नको भो. आधी पत्राचा क्रमांक आणि अंमल कधीपासून ते बघा. दुरुस्तीने फक्त मंजूर आकडा बदलतो. हातातला आकडा व्हाउचरशिवाय (सामान आल्या-गेल्याच्या कागदाशिवाय) हलत नाही.

मंजूर 12, हातात 9, आधीच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) यायचे 2, तर मागायचा 1. यायचे बाकी विसरून 3 मागितले की इंडेंट परत येतो. हवाला जुन्या दुरुस्तीचा राहिला तरी तेच.

जुने सेट लगेच सरप्लस दाखवून परत करू नका. आदेशात मनाई नसेल तर नवे येईपर्यंत ते 'इन लियू' (नव्यांच्या बदली) धरा, नाहीतर मधल्या काळात बोलायचं कशावर? जमा करताना बॅटरी, चार्जर, अँटेना सगळं मोजून द्या. एक अँटेना कमी निघाली तरी पावती अडते.

धुळ्याचे आबा: माणसांचं काम ॲडज्युटंटच्या (युनिटचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसचं, तिथून जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला. पण गाडीच्या ओळीबरोबर ड्रायव्हरची ओळ वाढली का, ते आधी तपासा. गाडी वाढते अन् माणूस तेवढाच राहतो, हे नेहमीचंच. तसं असेल तर साधी मागणी चालत नाही, स्टेटमेंट ऑफ केस (कारणांसह प्रस्ताव) करावी लागते: काम किती, आत्ता कोण करतं, बदल्यात कोणती जागा सोडता. हा शेवटचा रकाना कोरा ठेवला की फाइल फायनान्सकडे बसलीच.

अटॅचमेंटवर (तात्पुरता) आलेला ड्रायव्हर मंजूर जागेवर मोजू नका, तो मूळ युनिटच्याच पटावर असतो. मोजलात तर कागदावर कमतरता शून्य, मग पोस्टिंग कशाला येईल? कायमचा आला की पार्ट टू ऑर्डर (माणसाच्या नोंदीतल्या बदलाचा आदेश) काढा.

पारोळेकर: शेजारच्या युनिटला दोन गाड्या जास्त आहेत, तो तक्ता दाखवून मागता येईल का?

धुळ्याचे आबा: नाही. लढाऊ युनिटं वॉर एस्टॅब्लिशमेंटवर, सेंटर-डेपो पीस (शांतताकाळाच्या) एस्टॅब्लिशमेंटवर, तक्तेच वेगळे. आणि भाऊ, युनिटचं नाव नि खरे आकडे इथं टाकू नका.