हळदीच्या गोळीने मेंदूचा दाह उतरतो का?

खिडकीशेजारी:
सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. वर्षभरात विसरणं फार वाढलंय. गॅस चालू राहतो, माझ्या मुलाला दिराच्या नावाने हाक मारतात. तपासण्यांनंतर अल्झायमरची सुरुवात असल्याचं कळलं. परवा नणंदेने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या एका घटकाच्या, गोळ्या पाठवल्या. त्यामागचं शास्त्र वाचलं आणि मला पटलं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या कायमच्या चिडल्या की दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात आणि शेजारच्या चेतापेशींचंच नुकसान होतं. कर्क्युमिन त्यांच्यातला दाह पेटवणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा खटका बंद ठेवतं. हळद आपण रोज खातोच ना? झाला तर फायदा, तोटा काय? मी तर सुरू करावं म्हणते.

बीकरवाला:
काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की दाह घटतो, हे खरं. उंदरांतही दिसलंय. पण सासूबाईंच्या पोटातून ते मेंदूपर्यंत जायला हवं ना? आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. जे जातं त्याचं रूप आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात, आणि पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत उभी. अमेरिकेत अल्झायमरच्या 36 रुग्णांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली, निष्कर्ष 2012 साली आले. काहींना रोज 2 ग्रॅम, काहींना 4, काहींना नुसतीच खोटी गोळी. फरक शून्य. रक्तातही कर्क्युमिन जेमतेमच सापडलं.

पुनर्नवा:
@बीकरवाला, तुमची मांडणी अर्धवट आहे. 2018 सालची लॉस एंजेलिसची चाचणी का गाळलीत? 40 माणसं, 18 महिने, चांगलं शोषलं जाईल असं बनवलेलं कर्क्युमिन 90 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत गुण वाढले होते. आणि मिरीचं काय? बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्येच दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर शोषण वीसपट वाढतं. आपल्या आज्या हळदीच्या दुधात मिरपूड टाकायच्या, त्या काय अडाणी होत्या? अमेरिकेने हळदीचं पेटंट देऊन टाकलं होतं, ते 1997 मध्ये माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन परिषदेने, रद्द करून घेतलं. आपलं ज्ञान आपल्यालाच पटत नाही, हे दुखणं जुनं आहे.

बीकरवाला:
पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं. ते रद्द झालं कारण ही गोष्ट आपल्याकडे पूर्वापार माहीत होती. मेंदूचा त्यात संबंध कुठे आला? आणि 2018 च्या चाचणीतल्या कुणालाच स्मृतिभ्रंश नव्हता, किरकोळ विसरभोळी माणसं होती ती. 40 जणांवरून इमले बांधू नका. आणखी एक गंमत: कर्क्युमिन स्वतःच चमकतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या चाचण्यांत ते खोटंच 'पास' होतं. औषध शोधणाऱ्यांत ते यासाठी बदनाम आहे.

हरिपूरचं पेव:
आमची चार एकर हळद असते, सांगलीजवळ. म्हणजे मी हळदीच्याच बाजूने बोलणार असं वाटलं असेल. पण "रोज खातोच ना" हा हिशेब चुकतोय, ताई. हळदीत कर्क्युमिन धरा 3 टक्के. 2 ग्रॅमला पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद लागते. एवढी हळद आमच्या घरी आठवडाभरात संपत नाही, आणि आम्ही हात सैल सोडून घालतो. आमटीतली चिमूट वेगळी, अर्काची गोळी वेगळी. (शिजवून वाळवलेल्या हळकुंडाचा वास एकदा घेऊन बघा, पाकिटातली पूड विसराल. असो.)

पुनर्नवा:
हेच तर मी म्हणतेय! हळद म्हणजे कर्क्युमिन नव्हे. वैद्य अख्खं द्रव्य देतात, तुपासोबत, प्रकृती बघून. एकच रेणू उपसून बाटलीत भरायचा आणि नाही चालला तर दोष हळदीला. माझा विरोध तुमच्या चाचण्यांना नाही, त्यात काय तपासताय त्याला आहे.

बीकरवाला:
हा मुद्दा मान्य. मग अख्ख्या हळदीची चाचणी करा, तोवर दावाही करू नका. पण धागा गोळीचा आहे. खिडकीशेजारी, बाटलीवर पिपरिन लिहिलंय का? आणि सासूबाईंना आणखी कोणती औषधं चालू आहेत?

खिडकीशेजारी:
हो, पिपरिन आहे. बीपीची गोळी आणि रक्त पातळ करणारी एक. ती तीन वर्षांपासून चालू आहे.

बीकरवाला:
मग तोटा इथे आहे. पिपरिन वीसपटीचा चमत्कार करतं ते औषधं मोडण्याची यकृताची यंत्रणा मंदावून. ती फक्त कर्क्युमिनसाठी मंदावत नाही, इतर औषधंही रक्तात जास्त साठू शकतात. कर्क्युमिननेही रक्त गोठणं कमी होऊ शकतं. शिवाय हळदीच्या अर्कांमुळे, विशेषतः पिपरिन घातलेल्या, यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेलीत. दुर्मीळ, पण आहेत. सासूबाईंच्या डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय एकही गोळी देऊ नका.

पुनर्नवा:
रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माझंही तेच मत. हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना हो!

खिडकीशेजारी:
नणंद म्हणाली "आयुर्वेदिकच आहे", म्हणून सुचलंच नाही. दोन गोळ्या देऊन झाल्यात, काल आणि आज सकाळी. डॉक्टरांना फोन लावतेय.