झिजलेली, विटलेली की पोपडे सुटलेली अक्षरं?

अक्षरवेडी: फोटोशॉपच्या टिपणांचं मराठी करतेय आणि 'डिस्ट्रेस्ड टेक्स्ट'वर अडलेय. नवी, ठसठशीत अक्षरं मुद्दाम अशी करायची की वीस पावसाळे झेललेल्या पाटीवरची वाटावीत. मी 'जीर्ण अक्षरे' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'विटलेली' केलं. विटतो तो रंग हो! इथे अक्षराचे तुकडेच उडालेत.

बोरू: जीर्णच ठेवा. गीतेत 'वासांसि जीर्णानि' आहे, देवळांचा जीर्णोद्धार होतो. चांगला रुळलेला शब्द आहे.

पाटीवाला: पंधरा वर्षं पाट्या रंगवल्या, जीर्ण कुणाच्या तोंडी ऐकला नाही. पत्र्यावरच्या ऑइलपेंटचे पोपडे सुटतात. इनॅमलच्या पाटीचे टवके उडतात. दगडातलं अक्षर झिजतं, कापड विरतं, आणि उन्हानं विटतो तो रंग, तिथे ताईंचं बरोबर आहे. आधी पाटी कशाची ते सांगा.

अक्षरवेडी: दादा, पत्र्याची धरा. गंजक्या पत्र्याचा फोटो, म्हणजे टेक्श्चर, थ्रेशोल्ड नावाच्या कमांडनं निव्वळ काळा-पांढरा करायचा आणि अक्षरांच्या थराला मास्क लावून त्यात चिकटवायचा. काळं तिथे अक्षर लपतं, पांढरं तिथे दिसतं. 'पोपडे सुटलेली अक्षरे' अगदी चपखल आहे, पण मथळ्याला लांब होतंय.

बोरू: 'थर' लिहिता, मग 'मास्क' का? मुखवटा म्हणा.

सावली: मुखवटा चेहऱ्यावर चढवतात. शिकणाऱ्यापुढे मेनू इंग्रजी असतो, तो लेयर आणि मास्कच शोधणार. थरसुद्धा काढा.

बोरू: निदान टेक्श्चरला तरी 'पोत' म्हणा. माझी आजी लुगड्याचा काठ चिमटीत धरून पोत बघायची. टेक्श्चरही लॅटिनमधल्या 'विणणे'वरूनच आलाय. दोन्ही शब्द मागावरचे!

सावली: पोत मलाही प्रिय आहे. कापडाचा असतो, मातीचा असतो. गंजाचा पोत मात्र कानाला खटकतो.

बोरू: आज खटकेल, वापरला की रुळेल. शब्द असेच रुळतात.

पाटीवाला: शब्द कुठलाही घ्या, देवनागरीत एक सांभाळा. मास्कचा दाणा मोठा असला की पहिला बळी अनुस्वाराचा. भाच्यानं नाटकाच्या पोस्टरवर 'रंग' लिहिलं, छापून आलं 'रग'. शिरोरेषा चार ठिकाणी तुटली तरी वाचता येतं, टिंब गेलं की शब्द गेला. मास्कवर पांढऱ्या ब्रशनं तेवढं टिंब परत उघडायचं.

अक्षरवेडी: हे टिपणात घालतेच! मूळ इंग्रजीत हा सल्ला असणारच नाही.

बोरू: घालाल तेव्हा 'टिंब' नको, 'अनुस्वार' लिहा.

सावली: अनुस्वार हा उच्चार झाला. डोक्यावरचं चिन्ह म्हणजे शीर्षबिंदू, शुद्धलेखनाच्या नियमांतही तोच शब्द आहे.

पाटीवाला: आमच्या ब्रशला टिंबच कळतं, ताई.