गोधडी शिवताना सुया मोडतात, १८ नंबर लावू का?

दारव्ह्याची ताई
आमच्या बचत गटानं सेकंडहँड पॉवर मशीन घेतली, सरळ टाक्याची. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतो, आत तीन-चार थर. १४ ची सुई दिवसाले दोन मोडतात अन् चौकोनाचा जोड आला का टाके सुटतात. दुकानदार म्हणते १८ लावा, पण त्याची भोकं दिसतात. परवा मोडलेलं टोक अर्धा तास शोधलं, गोधडी बाळंतिणीची होती वो.

पुलगावचा टेलर
ताई, कापड मागून ओढता का? जोडावर मशीन अडली का आपण ओढतो, सुई वाकते, प्लेटीवर आपटते अन् गेली. ओढू नका, जोडावर चाक हातानं फिरवा. नंबर १६ घ्या, म्हणजे १०० लिहिलेली, १ मिमी जाड. पाकिटावर डीबी×१ पाहून घ्या, म्हणजे पॉवर मशीनची गोल दांड्याची सुई, घरच्या मशीनची एका बाजूनं चपटी असते ती यात नाही चालत. लावताना पार वर भिडवा, लांब खाच डावीकडं, शटलकडं खोलगट बाजू. जराशी फिरली तरी टाके सुटतात.

नागपूरकर क्विल्टवाली
माझी लाँगआर्म आहे, म्हणजे गोधडीची लांब हाताची मोठी मशीन. कापड फ्रेमवर ताणलेलं अन् मशीनच चारी बाजूंनी फिरते, त्यामुळं सुईले सगळीकडून बाक बसतो, म्हणून १३४ सिस्टीमची (हा सुईच्या दांड्याचा प्रकार) कडक एमआर सुई लागते, एमआर म्हणजे सहज न वाकणारी. एमआर ४.० म्हणजे १००/१६, ३.५ म्हणजे ९०/१४. ऑनलाइन पाहून ती मागवू नका हं ताई, दांडा जाड असतो, तुमच्या मशीनले बसणारच नाही. मी मात्र मोडायची वाट पाहत नाही, आठेक तास चालली की बदलते. सुईचं टोक नखावर ओढून पाहा, ओरखडा आला तर फेकाच.

दारव्ह्याची ताई
पाहिलं, लावलेली बी ओरखडते अन् डबीतल्या दोन बी 😄 म्या वाकलेल्याच जपून ठेवल्या होत्या. ओढतो हे बी खरं, आमच्या सासूबाई तर दोन्ही हातानं. पण दोरा बी तुटते, तो कशानं?

पुलगावचा टेलर
प्लेटीच्या भोकात नख फिरवा, सुया आपटून खरखर झाली असंन. झिरो पेपरनं, म्हणजे एकदम बारीक पॉलिश पेपरनं घासा. अन् जुन्या स्पीकरचं चुंबक जवळ ठेवा, सुई मोडली का गोधडीवरून फिरवा, मग तुकडे जुळवून पाहा पुरी सुई होते का. नाही झाली तर ती गोधडी देऊ नका.