औषध ‘शोषलं जाणं’ आणि ‘भिनणं’ एकच का?

प्रश्न – औषधांबद्दलच्या एका मजकुराचं मराठी करतेय. अ‍ॅब्सॉर्प्शनला ‘शोषण’ लिहिलं, पण बोलताना आपण औषध अंगात भिनलं म्हणतो, मग सरळ ‘भिनणं’च वापरलं तर? आणि बायोअव्हेलेबिलिटीलाही शोषणच म्हटलं तर चालेल का, अर्थ जवळचाच वाटतो.

उत्तर – नाही हो, इथे शब्द वेगळे ठेवाच. शोषण म्हणजे गोळी विरघळून औषध आतड्याच्या अस्तरातून आत शिरणं, बहुतेक औषधांचं हे लहान आतड्यात होतं, जठरात फार कमी. पण आत शिरलं म्हणजे सगळ्या शरीराला मिळालं असं नाही, आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथेच बरंचसं औषध मोडून पडू शकतं. उदाहरणार्थ रक्तदाबाचं औषध प्रोप्रॅनोलॉल, तोंडाने घेतलं तर जवळजवळ सगळं शोषलं जातं पण मुख्य रक्तप्रवाहात पोचतं साधारण २५ टक्केच. तुम्ही दोन्हीला शोषण म्हणालात तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही! मुख्य रक्तप्रवाहात पोचणारा हा भाग म्हणजे बायोअव्हेलेबिलिटी, तिच्यासाठी ‘जैवउपलब्धता’ हा शब्द जड आहे मान्य, पण तोच घ्या. हृदयविकारात छातीत दुखलं की देतात ते नायट्रोग्लिसरिन जिभेखाली ठेवतात तेही याचसाठी, तिथलं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं.

भिनणं मला फार आवडतं पण त्यात शिरणं आणि पसरणं दोन्ही येतं, विष भिनलं म्हणजे अंगभर गेलं. म्हणून ते डिस्ट्रिब्यूशनच्या जास्त जवळचं, सामान्य वाचकासाठी असेल तर ‘वितरण’ऐवजी खुशाल वापरा.

अजून एक भर – ‘अधिशोषण’ शोषणाच्या जागी लिहू नका, काही ठिकाणी सरमिसळ दिसते. अधिशोषण म्हणजे पृष्ठभागाला चिकटणं. काही विषबाधांमध्ये सक्रिय कोळसा देतात, तो विषाचं अधिशोषण करतो म्हणून शरीरात शोषण कमी होतं. एकाच वाक्यात दोन्ही लागतात बघा.

पुन्हा प्रश्न – छान कळलं, आभार. मग ‘औषध उतरलं’ म्हणजे एलिमिनेशन, औषध शरीरातून नाहीसं होणं, तेच ना?

उत्तर – ‘उतरणं’ परिणामाला वापरतात, औषध शरीरातून गेलंच असं त्यातून निघत नाही. भुलीच्या थायोपेंटालचा एकच डोस दिला तर पाच-दहा मिनिटांत माणूस जागा होऊ लागतो, कारण औषध मेंदूतून निघून स्नायू वगैरे दुसऱ्या ऊतींमध्ये जातं, अर्धायुष्य (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) मात्र कित्येक तासांचं. म्हणजे भूल उतरली, औषध अंगातच आहे. एलिमिनेशनला ‘निष्कासन’ बरं, ‘उत्सर्जन’ नको कारण ते फक्त लघवी-विष्ठा वगैरेंवाटे बाहेर पडणं झालं आणि यकृतात मोडणं त्यात येत नाही. अर्धायुष्यावरही एक ओळ टाकाच, दोन अर्धायुष्यं झाली की औषध संपलं असं लोकांना वाटतं, खरं तर तेव्हा पाव भाग उरतो आणि पाच झाली तरी साधारण ३ टक्के असतोच.

शेवटचं विचारते – क्लिअरन्सला ‘निचरा’?

उत्तर – ऐकायला गोड आहे पण निचरा म्हटलं की औषध किती बाहेर गेलं असं वाटेल. क्लिअरन्स म्हणजे मिनिटाला किती मिली प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) औषधापासून पूर्ण साफ झाला ते माप, मी तरी क्लिअरन्सच ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगेन.