पुण्यात वजनाचं ऑपरेशन करायचंय, कोणाला अनुभव आहे का?

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका), शनिवार रात्र

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला पुण्यात येतोय. तीन आठवडे रजा आहे, त्याच मुक्कामात वजन कमी करण्याचं ऑपरेशन उरकून घ्यावं असं मनात आहे. उंची 170 सेंमी, वजन 118 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40च्या वर. मधुमेहाला 9 वर्षं झाली, झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप (हवा सोडणारं यंत्र) लावून झोपतो. कंपनीच्या विम्यात हे ऑपरेशन बसत नाही. पुण्यातल्या दोन ठिकाणांहून व्हॉट्सॲपवर पॅकेज आलंय, दोघंही म्हणतात तिसऱ्या दिवशी घरी. धाकटा भाऊ पुण्यातच असतो, त्याचंही वजन माझ्याएवढंच, तोही म्हणतोय दोघं मिळून करू.

कुठलं हॉस्पिटल चांगलं? बायको घाबरली आहे, पण मला आता जिना चढवत नाही.

कोथरूडहून, रविवार सकाळ

दादा,

हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही, कारण तुमचा प्रश्नच मला आधी बदलायचा आहे. तिथे गेल्यावर काय विचारायचं ते ठरवा, हॉस्पिटल त्यावरून आपोआप कळेल.

तिथलं मराठी मंडळ सोडून पुण्याला परत आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझं वजनाचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह नावाचं. आता चार वर्षं झाली. मला पश्चात्ताप नाही. गुडघे मोकळे झाले, पर्वती चढून आले, साखरेच्या गोळ्या तीनवरून एकीवर आल्या. पण जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही, आणि त्याची किंमत अजून मोजते आहे.

मला पूर्वीपासून ॲसिडिटी होती. पहिल्या भेटीत मी ते बोललेही. समोरच्या मॅडमनी वजन केलं, दहा मिनिटांत पॅकेजचा कागद पुढे सरकवला, तारीख दिली. ऑपरेशनआधी एन्डोस्कोपी (घशातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघतात ती) झाली नाही. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात, उरते एक अरुंद नळी. त्यात दाब वाढतो आणि आंबट वर येण्याचा त्रास काहींचा बळावतो. माझा बळावला. रात्री दोन उशा घेऊन झोपते, रोज गोळी चालू आहे. असा त्रास आधीपासून असला की बऱ्याचदा बायपास हे दुसरं ऑपरेशन सुचवतात, हे मला नंतर कळलं. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा: माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह जुना असेल तर डॉक्टरांचा कल तिकडे असू शकतो. पण तुमची एन्डोस्कोपी, तुमची साखर, तुमच्या औषधांची यादी न बघता जो उत्तर देईल, त्याच्याकडून उठून या.

सर्जनना तोंडावर विचारा: अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः केलीत, त्यातली किती गळली, किती जणांना परत टेबलावर घ्यावं लागलं? संकोच करू नका. चांगल्या सर्जनना याचा राग येत नाही.

गळती म्हणजे जठर कापून जिथे स्टेपल केलेलं असतं, तिथून आतलं पाणी पोटात झिरपणं. क्वचित होतं, पण झालं की जिवावर बेततं, आणि ते घरी गेल्यावर, आठवड्या-दीड आठवड्याने सुद्धा होऊ शकतं. ताप, नाडी धावणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं. तिसऱ्या दिवशी घरी हे खरं आहे, मलाही सोडलं होतं. पण त्या रात्री अडीच वाजता छाती धडधडायला लागली तेव्हा फाइलवरचा नंबर रिसेप्शनला लागला आणि तिथल्या मुलाने "सकाळी ओपीडीत या" म्हणून ठेवून दिला. माझं नशीब, ते नुसतं पाणी कमी पडल्याने होतं. म्हणून विचारा, रात्री अडीचला फोन कोण उचलणार?

आणि दादा, तुमचे तीन आठवडे. लग्न, ऑपरेशन, मग मुंबईहून 15-16 तासांचं विमान? ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि इतका वेळ एका जागी बसणं त्यात भर घालतं. कितव्या आठवड्यात उडू शकतो हे सर्जनकडून लिहून घ्या.

शिवाय ऑपरेशनआधी बहुतेक जण साधारण दोन आठवडे कमी पिष्टाचं डाएट देतात, लिव्हर आकसावं म्हणून. ते तुम्ही लग्नघरात करणार? पंगतीतला आग्रह तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या भाच्याच्या लग्नात ऑपरेशनला पाच महिने झाले होते. जावेने प्रेमाने अर्धी जिलबी तोंडात घातली, मी नाही म्हणू शकले नाही. पंधरा मिनिटं कार्यालयाच्या मोरीशी उभी होते, घामाने ब्लाउज भिजलेला. घरच्यांना आधी डाएटिशियनसमोर बसवा, हे फार मनापासून सांगते.

पहिले दिवस औषधाच्या बाटलीवरचं 30 मिलीचं झाकण हाच माझा पेला होता. एक झाकण पाणी, घोट घोट करत पंधरा मिनिटं. मग मुगाचं गाळलेलं पाणी. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळायला लागले, कंगव्यात मुठी यायच्या, पुढे थांबलं. ते मला कोणी सांगितलं असतं तर मी इतकी रडले नसते.

तुमच्या भावाचं विम्यात बसू शकतं. विमा नियामकाच्या 2019च्या नियमांत बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्नियासारखा (झोपेत श्वास अडण्याचा) आजार, अशी अट आहे. पण पॉलिसी नीट वाचून आधी मंजुरी घ्यायला सांगा. आणि दोघं एकाच वेळी नको. एकाने दुसऱ्याकडे बघायला हवं.

जर्सी सिटीहून, रविवार दुपार

ताईंनी लिहिलंय त्यात माझं थोडं. मी इथे फार्मसीत आहे.

काका, तुमच्या इथल्या डॉक्टरांना आत्ताच विचारा: पुण्यात ऑपरेशन करून आलो तर पुढे रक्ततपासण्या तुम्ही बघाल का? बी 12, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हे आयुष्यभराचं काम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. बायपास झालं तर डोकं दुखलं म्हणून कपाटातली आयबुप्रोफेन घ्यायची सवय सोडावी लागेल, जोडाशी अल्सर होतो. सारखी उलटी होत राहिली तर थायमिन (बी 1 जीवनसत्त्व) लगेच कमी पडतं, आणि ते मेंदूवर जातं. तिथे थांबायचं नाही, थेट इमर्जन्सी. साखरेची औषधंही ऑपरेशननंतर लगेच कमी करावी लागतात, ती कोण ठरवणार?

अजून एक. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचं, म्हणजे साखर आणि वजन कमी करणारं, इंजेक्शन घेऊन पाहिलंत का? घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगाच, पोट उशिरा रिकामं होतं.

निघताना ऑपरेशन नोट्स आणि डिस्चार्ज समरी हातात घ्या. नुसतं "पोटाचं ऑपरेशन झालंय" म्हणून इथल्या इमर्जन्सीत गेलात तर डॉक्टर काय समजणार?

एडिसनहून, सोमवार

ताई, दोघींचेही मनापासून आभार. तुमच्या दोन्ही मेल बायकोला वाचून दाखवल्या. ती रडली, मग म्हणाली, आता मला कळलं मी कशाला घाबरत होते.

डिसेंबरात ऑपरेशन नाही. लग्न झाल्यावर दोन सर्जनना भेटतो, एन्डोस्कोपी करून घेतो, भावालाही सोबत नेतो. ऑपरेशन ठरलंच तर उन्हाळ्यात सहा आठवड्यांची रजा टाकून येईन. इंजेक्शनबद्दल इथल्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे.

काल त्या दोन्ही पॅकेजवाल्यांना व्हॉट्सॲपवर विचारलं, रात्री अडीचला फोन कोण उचलेल? एकाने निम्म्या दरात अजून एक टेस्ट देऊ केली. दुसऱ्या ठिकाणाहून तासाभराने स्वतः सर्जनचा फोन आला.