ग्राफिक्स ड्रायव्हरमधील दोष: कॉम्प्रेशन बंद करणारा पॅच पाठवावा का?

प्रश्न (प्राध्यापिका, अभियांत्रिकी महाविद्यालय, पुणे)

नमस्कार. आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने सिंहगड, खडकवासला आणि पानशेत या परिसराचा भूप्रदेश उंचीच्या आकडेवारीवरून त्रिमितीय स्वरूपात दाखवणारा प्रोग्रॅम ओपनजीएलमध्ये (ग्राफिक्स रेखाटण्याच्या सूचनांचा प्रमाणित संच) लिहिला आहे. प्रयोगशाळेतील संगणकांवर लिनक्स आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलीच चिप वापरली जाते आणि तिचा ड्रायव्हर ओपन-सोर्स आहे. प्रश्न कार्यपद्धतीचा असल्यामुळे चिपचे नाव लिहीत नाही.

ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवल्यापासून नकाशा वेगाने लहान-मोठा केला की डोंगरउतारांवर चुकीच्या रंगाचे छोटे चौकोन उमटतात आणि दृश्य हलवणे थांबवले की बहुतेक वेळा नाहीसे होतात. रंगांची माहिती आकुंचित स्वरूपात ठेवण्याची सोय, म्हणजे कलर कॉम्प्रेशन, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू करताना द्यायची सेटिंग) देऊन बंद केल्यास चौकोन एकदाही दिसत नाहीत, मात्र दृश्य डोळ्यांना जाणवेल इतके संथ होते. या चिपसाठी कॉम्प्रेशन कायमचे बंद करणारा दोन ओळींचा पॅच (कोडमधील छोटा बदल) ड्रायव्हरच्या प्रकल्पाला पाठवावा, असा मुलांचा आग्रह आहे. चुकीचे चित्र वेगाने दाखवण्यापेक्षा बरोबर चित्र सावकाश दाखवलेले बरे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो, तरीही असा पॅच योग्य ठरेल का याबद्दल मन साशंक आहे. शिवाय नकाशावरील देवनागरी नावेही कधी कधी तुटक दिसतात. त्याचे कारण हेच असेल की फॉन्टमध्ये काही बिघडले आहे, हेही कळत नाही.

उत्तर (ड्रायव्हरच्या कोडवर काम करणारा, कोथरूड)

मॅडम, तो पॅच पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांनी दोषाचा पत्ता शोधलेला नाही, तो कोणत्या मोहल्ल्यात राहतो एवढेच शोधले आहे. ते कामही मोलाचे आहे, पण पॅच लिहिण्यासाठी अपुरे आहे. कॉम्प्रेशन बंद केले की मेमरीत लिहिण्या-वाचण्याचा क्रम, कॅश (चिपमधील छोटी, वेगवान मेमरी) रिकामी करण्याच्या जागा आणि कामाचा वेग हे सगळेच एकदम बदलते. त्यामुळे लक्षण गेले म्हणून कारणही कॉम्प्रेशनच होते, असा निष्कर्ष अजून काढता येत नाही.

चौकोनांच्या आकाराकडे बारकाईने पाहावे. उदाहरणासाठी एएमडीची रचना घेतो, कारण तिची कागदपत्रे उघड आहेत. तिथे डेल्टा कलर कॉम्प्रेशन २५६ बाइटच्या ठोकळ्यांवर चालते आणि प्रत्येक ठोकळ्यामागे मेटाडेटाचा, म्हणजे त्या ठोकळ्याची स्थिती सांगणाऱ्या नोंदीचा, १ बाइट असतो. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर एका ठोकळ्यात ६४ पिक्सेल बसतात. स्क्रीनवरील चौकोन नेमके अशाच ठोकळ्यांचे असतील, तर पिक्सेल आणि मेटाडेटा यांच्यात विसंगती आली आहे, असे समजण्यास जागा आहे. बफर (चित्र साठवण्याची मेमरी) पुसताना हार्डवेअर अनेकदा पिक्सेलना हातच लावत नाही, ‘हा ठोकळा पुसलेला आहे’ एवढी नोंद मेटाडेटात करते. यालाच फास्ट क्लिअर म्हणतात. पुढे तीच प्रतिमा टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची प्रतिमा) म्हणून वाचायची असेल आणि वाचणाऱ्या भागाला ती नोंद उमगत नसेल, तर वाचण्याआधी खरा रंग पिक्सेलमध्ये उतरवून घेणे ही ड्रायव्हरची जबाबदारी असते. ती पायरी एका ठिकाणी जरी वगळली गेली, तरी मेमरीत पूर्वी जे काही पडलेले होते ते चौकोनांच्या रूपात वर येते.

कॅशचा भाग तर आणखी नाजूक आहे, कारण तो पिढीगणिक बदलतो. एएमडीच्या चिपांमध्ये रंग लिहिणारा भाग पूर्वी एल-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या, कॅशला वळसा घालून थेट मेमरीत लिहीत असे, २०१७ साली आलेल्या व्हेगापासून तो एल-टूमार्फत लिहू लागला. म्हणून एका पिढीत जो फ्लश (कॅश रिकामी करणे) अनिवार्य असतो, तो दुसऱ्या पिढीत निव्वळ वेळ खाणारा ठरू शकतो. ड्रायव्हरचा वेग वाढवण्याच्या कामात असे अनावश्यक फ्लश काढून टाकणे हा मोठा भाग असतो, आणि तो काढताना एखादी अट तपासायची राहिली की तुमच्यासारखे चौकोन दिसू लागतात. दोष आणि वेग हे दोन्ही प्रश्न कोडच्या त्याच ओळींमध्ये असल्यामुळे दुरुस्ती शक्य तितकी अरुंद असावी लागते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रथम हाच प्रोग्रॅम एलएलव्हीएमपाइपवर चालवून पाहा. तो मेसामधील (ओपन-सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरांचा प्रकल्प) सॉफ्टवेअर ड्रायव्हर आहे आणि सर्व काम प्रोसेसरवरच करतो. चौकोन तिथेही दिसले, तर बहुधा चूक प्रोग्रॅमची आहे. दिसले नाहीत, तरी प्रोग्रॅम निर्दोष ठरत नाही. टेक्श्चरच्या ज्या पातळीवर (त्याच प्रतिमेची लहान-मोठी प्रत) आपण रेखाटत आहोत तीच पातळी त्याच वेळी वाचली, तर परिणाम काय होईल याची हमी ओपनजीएलचे स्पेसिफिकेशन देत नाही. इमेज स्टोअर (शेडरमधून थेट प्रतिमेत लिहिणे) वापरून लिहिले असेल आणि वाचण्याआधी मेमरी बॅरियर (आधीचे लिहिणे वाचणाऱ्याला दिसेल याची खात्री करणारी सूचना) दिला नसेल, तरीही तेच. असे प्रोग्रॅम एका ड्रायव्हरवर वर्षानुवर्षे सुरळीत चालतात आणि दुसऱ्यावर बिघडतात, त्यामुळे मुलांनी आपला कोड या दृष्टीने एकदा ओळीने वाचून काढावा.

त्यानंतर एपीआयट्रेस या साधनाने प्रोग्रॅमने ओपनजीएलला दिलेल्या हाका (सूचना) नोंदवून घ्या; या नोंदीला ट्रेस म्हणतात आणि चौकोन दिसणाऱ्या मोजक्या फ्रेम ठेवून बाकीचा ट्रेस छाटा. हा छोटा ट्रेस हाताशी असला की गिट बायसेक्ट (दोष आणणारा कमिट, म्हणजे कोडमधील नोंदवलेला बदल, अर्धेअर्धे करत शोधणे) सुरू करता येते. चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीत हजार कमिट असले, तरी साधारण दहा बिल्डमध्ये नेमका कमिट सापडतो. मेसा मेझॉन या बिल्ड-साधनाने बिल्ड होते. आपल्याला हवा तेवढाच ड्रायव्हर निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये बसवला, तर प्रणालीतील ड्रायव्हरला धक्का लागत नाही. मात्र बायसेक्ट संपेपर्यंत कर्नल बदलू नका, आणि तुमचा ड्रायव्हर शेडर (चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करण्यासाठी एलएलव्हीएम (कंपायलरची लायब्ररी) वापरत असेल, तर त्याचीही आवृत्ती तीच ठेवा, नाहीतर सापडलेल्या कमिटवर विश्वास ठेवता येणार नाही.

उत्तर (कार्यक्षमता मोजण्याचे काम करणारी, औंध)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण ‘बरोबर चित्र सावकाश दाखवलेले बरे’ या वाक्याची किंमत मुलांनी एकदा आकड्यांत मांडून पाहावी असे वाटते. प्रोसेसरमधल्या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती संगणकाची रॅमच वापरते. डीडीआर४-२४०० रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर सैद्धांतिक कमाल वेग सेकंदाला १९.२ गिगाबाइट असतो, दोन पट्ट्या दोन चॅनेलवर असतील तर ३८.४. या वेगात प्रोसेसरचाही वाटा असतो. दुसरीकडे १९२० गुणिले १०८० आकाराची, पिक्सेलमागे ४ बाइटची प्रतिमा सेकंदाला ६० वेळा केवळ एकदा लिहायची म्हटली, तरी अर्धा गिगाबाइट खर्च होतो. भूप्रदेशाच्या प्रोग्रॅममध्ये एकाच पिक्सेलवर अनेक थर चढतात, खोलीचा बफर वेगळा असतो आणि मधल्या टेक्श्चरचे लिहिणे-वाचणे वेगळे. त्यामुळे कॉम्प्रेशन कायमचे बंद केल्याचा फटका सर्वांत आधी बसतो तो साधा संगणक वापरणाऱ्यांना, आणि त्यांतील बहुतेकांच्या प्रोग्रॅममध्ये हा दोष कधी उद्भवणारही नसतो. प्रयोगशाळेतील संगणकांमध्ये रॅमच्या किती पट्ट्या आहेत हेही पाहून घ्या. एकच असेल, तर दुसरी बसवल्याने मिळणारा वेग ड्रायव्हरमधल्या अनेक सुधारणांपेक्षा जास्त असू शकतो.

मोजताना सरासरी फ्रेमसंख्येवर समाधान मानू नये, प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवावा, कारण अधूनमधून बसणारा झटका सरासरीत लपून जातो. पहिल्यांदा चालवताना शेडर कंपाइल होतात आणि पुढच्या वेळी ते डिस्कवरील कॅशमधून येतात, म्हणून दोन्ही आवृत्त्यांची तुलना कॅश भरल्यानंतरच करावी. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी मोजमाप घेतले, तर चिप तापून स्वतःचा वेग कमी करते आणि सकाळच्या आकड्यांशी तुलना निरर्थक ठरते. घड्याळाचा वेग स्थिर ठेवण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असेल तर ती वापरावी. आणि जीएलएक्सगिअर्स या फिरती चाके दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये, त्या प्रोग्रॅममध्ये चिपला काम जवळजवळ नसतेच.

प्रोसेसर अडतो आहे की चिप, हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे खिडकीचा आकार लहान करून पाहणे. पिक्सेल एक चतुर्थांश झाले आणि तरीही फ्रेमचा वेळ बदलला नाही, तर अडथळा पिक्सेल रंगवण्यात किंवा त्यांच्यासाठी लागणाऱ्या मेमरीत नाही. मग पर्फ (प्रोसेसरचा वेळ कुठे जातो ते मोजणारे लिनक्सचे साधन) लावून ड्रायव्हरचा आणि प्रोग्रॅमचा प्रोसेसरवरील वेळ कुठे जातो ते पाहावे. वेळ बदलला, तर मेमरी आणि शेडर यांकडे वळावे. एएमडीच्या जीसीएन रचनेत शेडरने २४ पर्यंत व्हेक्टर रजिस्टर वापरले, तर एका सिमडवर (चिपमधील गणना करणारा एक भाग) १० वेव्ह (एकत्र चालणारे कामाचे गट) एकाच वेळी राहू शकतात, ६४ वापरले तर ४ आणि १२८ वापरले तर फक्त २. वेव्ह कमी असल्या की एक मेमरीची वाट पाहत असताना दुसरीला काम देण्याची मुभा कमी होते. मुलांना शेडर कंपायलरमध्ये रस असेल, तर हा विषय त्यांच्यासाठी फार समृद्ध आहे.

उत्तर (देवनागरी फॉन्टवर काम करणारा, सदाशिव पेठ)

तुटक नावांपुरते लिहितो. कोणत्या अक्षरासाठी कोणती आकृती घ्यायची आणि ती कुठे बसवायची, हे बहुतेक लिनक्स प्रोग्रॅमांमध्ये हार्फबझ ही लायब्ररी प्रोसेसरवर ठरवते, तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरचा संबंध येत नाही. ड्रायव्हरकडे जाते ते तयार आकृत्यांचे एक टेक्श्चर. म्हणून ‘पर्वती’मधला रफार किंवा ‘त्र्यंबक’मधले जोडाक्षर सतत आणि दरवेळी सारखेच चुकत असेल, तर फॉन्ट किंवा आकृत्यांची निवड तपासावी. पण अक्षरांचे कोणतेही तुकडे अधूनमधून गायब होत असतील आणि त्याच वेळी नकाशावरचे इंग्रजी आकडेही तुटत असतील, तर ते बहुधा टेक्श्चरचेच दुखणे आहे.

प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या नकाशावर आकडेही तुटत होते, त्यामुळे फॉन्टची शंका मिटली. एलएलव्हीएमपाइपवर चित्र निर्दोष आले आणि मुलांच्या कोडमध्ये स्पेसिफिकेशनविरुद्ध काही आढळले नाही. छाटलेल्या ट्रेसवर बायसेक्ट केल्यावर जो कमिट सापडला, त्याचा हेतू वेग वाढवण्याचाच होता. वाचण्यापूर्वीचे अनावश्यक डिकंप्रेशन टाळण्यासाठी त्यात एक तपासणी घातली आहे, पण ती टेक्श्चरची फक्त शून्यावी, म्हणजे सर्वांत मोठी, मिपमॅप पातळी पाहते. आमचा प्रोग्रॅम दूरच्या डोंगरांसाठी लहान पातळ्या स्वतः पुसून त्यांवर रेखाटतो आणि लगेच वाचतो. अक्षरांचे टेक्श्चरही त्याच पद्धतीने लहान पातळ्यांसह तयार होते. वाचल्या जाणाऱ्या सर्व पातळ्या तपासणारा बदल मुलांनी केला तेव्हा चौकोन गेले, नावे नीट दिसू लागली, आणि कॉम्प्रेशन चालू असताना नव्या आवृत्तीचा जो वेग होता त्यात मोजमापाच्या नेहमीच्या चढउतारापलीकडे फरक पडला नाही. आता हा बदल कसा पाठवावा?

उत्तर (ड्रायव्हरच्या कोडवर काम करणारा, कोथरूड)

उत्तम काम झाले आहे, मुलांचे अभिनंदन. पाठवण्यापूर्वी पिग्लिटमध्ये (ओपनजीएल ड्रायव्हरांच्या चाचण्यांचा संच) एक छोटी चाचणी लिहा: टेक्श्चरची क्रमांक १ची, म्हणजे शून्यावीनंतरची, पातळी पुसायची, तिच्या काही भागावर रेखाटायचे, मग ती वाचून रंग ताडून पाहायचे. तुमचा ट्रेस परीक्षकाला खात्री पटवेल, पण उद्या कोणी तीच तपासणी पुन्हा बदलली, तर दोष परत आल्याचे ही चाचणीच सांगेल. शेजारच्या कोडमध्ये थर असलेल्या टेक्श्चरसाठी, म्हणजे टेक्श्चर अॅरे आणि क्यूबमॅपसाठी, अशीच अर्धवट तपासणी आहे का हेही बघा. असल्यास दुरुस्ती स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा.

कमिटच्या संदेशात लक्षण, कारण आणि तपासणी आता सर्व पातळ्यांवर का हवी, हे सलग वाक्यांत लिहा. खाली ‘फिक्सेस’ची ओळ देऊन बायसेक्टमध्ये सापडलेल्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) नमूद करा. त्या ओळीमुळे स्थिर आवृत्ती सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कोणत्या जुन्या शाखांमध्ये न्यायची ते समजते. मर्ज रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर उघडायची असते. तिथे बदल स्वीकारण्यापूर्वी अनेक चिपांच्या प्रत्यक्ष हार्डवेअरवर चाचण्या चालतात. मूळ कमिट ज्यांचा असेल त्यांना परीक्षणासाठी आवर्जून विचारा आणि त्यांचा वेग वाढवण्याचा हेतू तुमच्या बदलानंतरही शाबूत राहतो, हे दाखवणारी फ्रेमवेळेची मोजमापे सोबत जोडा. दुरुस्ती असलेली आवृत्ती वितरणात येईपर्यंत प्रयोगशाळेत कॉम्प्रेशन बंद करणारे व्हेरिएबल त्या एका प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच ठेवा, संपूर्ण संगणकासाठी लावू नका.